गालिच्यावरील आगगाडी
(डोंगरकडा येथे आपल्या ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



पलीकडील दालनात गालिच्यावर मांडलेली विजेची छोटी आगगाडी आपण पाहिलीच असेल. संमेलन संपताच ती पेटीत जावयाची आहे. अशा दोन दिवसांच्या मांडणीविषयी मी बोलावयास उभा राहिलो, त्यास मागील वर्षीचा एक प्रसंग कारण आहे.

मागील संमेलनात हीच गाडी तिसऱ्या फेरीलाच वळणावर घसरली. पुनः ठेवली, पुनः घसरली. पुढे तर इंजिन जागच्या जागी गुरगुरत राहिले. मांडणी करणाऱ्या मुलास मी चारचौघांत म्हणालो, "हे तुझ्या हातचे काम नव्हे." तो काही न बोलता उठून गेला. सायंकाळी इंजिन उलटे करून पाहिले, तो दातेरी चाकांभोवती गालिच्याची लोकर गुंडाळलेली! आणि रूळ थेट गालिच्यावर मांडा, असे सांगणारा मीच होतो.

खऱ्या रेल्वेचा रूळ जमिनीवर नुसता टेकलेला नसतो. त्याच्याखाली स्लीपर, स्लीपरखाली खडी आणि खडीखाली भराव असतो. खडी गाडीचा भार पसरविते, स्लीपर जागचे हलू देत नाही आणि पावसाचे पाणी निचरू देते. आपला पूर्णा-हिंगोली-अकोला मार्ग २००८ च्या सुमारास मीटरमापाचा रुंदमापी झाला. दोन रुळांतील अंतर १००० मिलिमीटरांचे १६७६ झाले. परंतु नुसते रूळ दूर सारून ते काम भागले नाही. खालचे सारेच नव्या भारास योग्य करावे लागले.

गालिचा हा मऊ. शेजारी पाऊल पडले की तो दबतो, रुळाचा सांधा खचतो आणि जोडपट्टी सैल होते. या खेळात वीज रुळांतूनच इंजिनास मिळते. म्हणून सांधा सैल झाला की गाडी अडखळते. शिवाय लोकर व धूळ चाकांत शिरते, आणि इंजिनाच्या तेलाचे डाग गालिच्यास पडतात ते निराळेच.

यंदा त्याच मुलाने गालिच्यावर प्रथम जुनी चादर पसरली, तीवर सारख्या जाडीच्या प्लायवुडच्या फळ्या जोडून ठेवल्या आणि मग रूळ बसविले. लांबच्या टोकाला प्रवाह क्षीण होऊ नये म्हणून तेथवर वेगळ्या तारा नेल्या. घरातील २३० व्होल्टचा दाब सुमारे १२ व्होल्टवर आणणारी पेटी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवली. मग रूळ कोरड्या फडक्याने पुसले आणि प्रथम एकटे इंजिन सावकाश फिरवून पाहिले. डबे मागाहून जोडले. सकाळपासून गाडी एकदाही घसरलेली नाही.

गाडीचे प्रमाण एकास सत्त्याऐंशी आहे. रुळांतील १६.५ मिलिमीटर अंतरास सत्त्याऐंशीने गुणले म्हणजे १४३५ च्या आसपास संख्या येते. हेच जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाणमाप. आपल्या रुंदमापासाठी हे रूळ १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक दूर हवेत. हा हिशेब मला त्या मुलानेच करून दाखविला.

कोणी म्हणेल, दोन दिवसांच्या खेळासाठी एवढा खटाटोप कशाला? पुण्यातील कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्याच्या आधी तेही आपले लघुनगर गावोगावी नेत, मांडीत आणि पुनः उचलीत. ते कायमचे संग्रहालय अशा तात्पुरत्या मांडण्यांतूनच उभे राहिले.

आपल्या घरांतून मूल चुकले की त्याच्या बुद्धीस बोल लावण्याची घाई होते. त्याच्या पायाखाली आपण काय अंथरले होते, हे कोणी पाहत नाही. मीही पाहिले नाही. त्या मुलाची मी या सभेसमक्ष क्षमा मागतो. चारचौघांत दिलेला दोष चारचौघांतच परत घ्यावयास हवा.

कार्यकारी मंडळास माझी एकच विनंती आहे. या फळ्या मोडीत काढू नयेत; कोरड्या जागी जपून ठेवाव्यात. पुढील वर्षी जी मुले-मुली गाडी मांडावयास बसतील, त्यांना आपल्याकडून निदान पाया तरी तयार मिळो.