शर्यतीच्या गाडीतील नळी आणि आग
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीशी आपला काय संबंध? परंतु आपल्या समाजातील पुष्कळ मुले मोटार दुरुस्तीच्या धंद्यात जातात, आणि "गॅरेजात घातला की आपोआप शिकेल, त्याला विज्ञानाचे पुस्तक कशाला?" असे म्हणणारे पालक आजही भेटतात. त्यांच्यासाठीच हे उदाहरण निवडले आहे.

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ पट्टीवरची धाव. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. अतिवेगवान गाड्या ते सहा सेकंदांच्या आत तोडतात. तेवढ्या वेळात हाताने दांडा ओढून गिअर बदलायचा तर चूक व्हायचीच. म्हणून अनेक गाड्यांत हे काम वायूच्या दाबाकडून करून घेतात. लहानशा बाटलीत कार्बन डायऑक्साइड किंवा दाबलेली हवा असते. चालकाने बटण दाबले की व्हॉल्व्ह उघडतो, वायू नळीतून छोट्या सिलिंडरात शिरतो, दट्ट्या सरकतो आणि गिअर पडतो.

आता ही नळी कशाची असते? पुष्कळदा नायलॉनची, बोटापेक्षाही बारीक. स्वस्त, हलकी, बसवायला सोपी. पण सुमारे ९० अंश सेल्सिअसच्या पुढे तिचा भरवसा धरू नये; मऊ पडली की आतला दाबच तिला फोडतो. तिच्यापासून वीतभर अंतरावर इंजिनाचे धुराडे असते, आणि त्याचे लोखंड लाल दिसू लागले म्हणजे ते ५०० अंशांच्या पुढे गेले असे समजावे. नळी फुटली की गिअर पडत नाही. इंजिन खालच्याच गिअरमध्ये मर्यादेबाहेर फिरते, फुटते, तेल तापल्या धुराड्यावर उडते आणि भडका होतो. नळीत साधी हवा असेल तर ती फुटक्या जागेतून भात्यासारखी आगीवर वाहते. याहून वाईट म्हणजे काही गाड्यांत मागचे पॅराशूट उघडण्याचे कामही वायूच्याच दाबावर चालते. आग लागली, थांबायची निकड आली, आणि थांबवणारी नळीच जळालेली!

पॅराशूट नसले तर काय होते हे २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतील एंगलिशटाउन येथे दिसले. स्कॉट कालिटा या नामांकित चालकाच्या गाडीचे इंजिन फुटले, आग लागली, पॅराशूटनी गाडीला आवरले नाही. ती पट्टीच्या पलीकडे गेली आणि तो मरण पावला. त्याच्या वर्गातील गाड्यांना धावताना गिअर बदलावे लागत नाहीत, तेव्हा दोष गिअरच्या नळीचा नव्हे. पण आग आणि पॅराशूट यांचा संबंध त्या दिवशी साऱ्यांना कळला. त्यानंतर सर्वांत जलद दोन वर्गांची धाव १००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३०५ मीटरवर आणली गेली.

मग उपाय कोणता? पुष्कळ जण नायलॉन काढून पोलादी जाळीची नळी बसवतात आणि निश्चिंत होतात. येथेच पुस्तक लागते. पोलाद हे उष्णतेचे सुवाहक आहे. जाळी नळीला मार आणि घासण्यापासून वाचवते, उष्णता मात्र आत जाऊ देते. आतले अस्तर कशाचे आहे हे विचारले पाहिजे. रबर असेल तर ते लवकर कडक होऊन तडकते. टेफ्लॉन असेल तर सुमारे २६० अंशांपर्यंत टिकते.

त्यावर काचतंतूंचे, बाहेरून सिलिकोन रबर चढवलेले आवरण घालतात. ते नेहमीची उष्णता २६० अंशांपर्यंत सोसते आणि प्रत्यक्ष ज्वाळेतही काही मिनिटांची सवड देते. मात्र त्याची दोन्ही टोके बंद केली पाहिजेत. उघड्या टोकातून तेल शिरले तर काचतंतू ते कंदिलाच्या वातीसारखे शोषतात, आणि रक्षण करणारे आवरणच पेट घेते. जोडही पितळेचे किंवा पोलादाचे हवेत. नळी उत्तम आणि जोड प्लॅस्टिकचा असेल तर खर्च वाया गेला.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र अंतराचा. उष्णता किरणांनी येते आणि अंतराबरोबर झपाट्याने उतरते. नळी धुराड्यापासून दूर, शक्य तर इंजिनाच्या आगरोधक पडद्यामागून न्यावी. गिअरची आणि पॅराशूटची नळी एकाच वाटेने नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक गोष्ट: गाडी थांबल्यावर वारा लागत नाही, म्हणून नळी धावताना तापत नाही इतकी उभी असताना तापते. त्या वेळी ती कमजोर होते आणि पुढच्या धावेत फुटते. तपासणी करायची ती दोन धावांच्या मधल्या वेळात.

हे सारे अमेरिकेतच राहते असे नव्हे. आपल्या ट्रक आणि बसगाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात व त्यांतही नायलॉनच्या नळ्या असतात. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा फार गरम असते. म्हणून तेथे धातूची नळी किंवा उष्णता सोसणारी खास नळी लागते. जो मुलगा तेथे काटकसर म्हणून नायलॉन जोडील, त्याच्या हातात चाळीस-पन्नास प्रवाशांचा जीव असेल.

विद्यार्थ्यांनी हातभर नायलॉनची नळी आणावी, दोन तुकडे करावेत आणि शिक्षकांसमोर एक तुकडा उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावा. मग चिमट्याने काढून, कापडात धरून दोन्ही वाकवून पाहावेत. पाणी १०० अंशांवर उकळते, हे लक्षात असू द्यावे.