खो देण्यातला धडा

‘सहकार्याने वागा’ असे फळ्यावर लिहून सहावी-सातवीची मुले सहकार्य शिकत नाहीत. त्यांना खो-खोच्या मैदानावर न्यावे.

या खेळात पाठलाग करणारे ९. त्यांतले ८ जण दोन खांबांमधल्या पट्टीवर एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववा धावतो. एकदा घेतलेली दिशा त्याला खांबापर्यंत सोडता येत नाही, मधली पट्टीही ओलांडता येत नाही. पळणारा पलीकडे निसटला की वर्गातला सर्वांत चपळ मुलगाही हतबल! मग बसलेल्याला पाठीमागून ‘खो’ द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचे. गडी बाद करण्याचा मान दुसऱ्याच्या हाती सोपवायचा.

पण मुले खो देतात तो आपल्या दोस्तालाच. मंद धावणारा, नवा आलेला तासभर बसूनच राहतो. म्हणून शिक्षकांनी सरावापुरता एक नियम करावा : नऊही जणांना धावायला मिळाल्याशिवाय कोणालाही दुसऱ्यांदा खो नाही. मग कोण उरले, हे प्रत्येकाला लक्षात ठेवावे लागते. डाव हरला तरी हरकत नाही. आपल्यालाही खो मिळणार, ही ज्याची खात्री असते, तो बसलेला असतानाही खेळतच असतो.