झाडीमुलखाचीं पुस्तकें
(एका वाचनालयांत केलेलें भाषण)



आम्ही कोणी पंडित नव्हे. दिवसाचें काम आटोपलें कीं दिव्याखालीं बसून हातीं येईल तें वाचावें, एवढाच आमचा अधिकार. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं जीं पुस्तकें वाचलीं, तीं बहुतेक आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाविषयींचीं निघालीं. त्यांवर चार शब्द बोलतों.

पहिलें डॉ. प्रकाश आमटे यांचें ‘प्रकाशवाटा’. हें २००९ सालीं निघालें. वाचनालयाची प्रत आमच्या हातीं आली तेव्हां तिचीं पानें सुटलीं होतीं. पुस्तकास याहून मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें! १९७३ सालीं भामरागडजवळ हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हां तेथें ना वीज, ना धड रस्ता. पावसाळा लागला कीं नदीनाल्यांनीं वाट तोडलेली. अशा ठिकाणीं जन्म काढणाऱ्या माणसाच्या लिहिण्यांत बढाईचा वासही नाहीं, हें आम्हांस फार आवडलें.

हें पुस्तक आम्हीं आमच्या एका माडिया स्नेह्यास वाचून दाखविलें. तो मन लावून ऐके, मध्येंच हंसे. शेवटीं म्हणाला, “भाऊ, डाक्तरनं आपली गोष्ट सांगितली, बेस केलं. पण दवाखान्यांत आलेल्या माणसानं लिहिली असती, तर ती कशी असती?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. इतकीं वर्षें पुस्तकें वाचून हा प्रश्न आमच्या डोक्यांत एकदांही आला नव्हता.

पुढचें प्रत्येक पुस्तक मग आम्हीं तो प्रश्न मनांत धरून वाचलें. विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी माडिया तरुणाच्या मनांत शिरूं पाहते. लेखक हेमलकशास वर्षानुवर्षें राहिलेले, त्यामुळें वाचतांना अंगावर कांटा येतो. तरी मन एकाचें आणि लेखणी दुसऱ्याची.

मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावची’नें मात्र आमच्या दोन रात्रींची झोंप नेली. मेंढा हें धानोरा तालुक्यांतलें लहानसें गोंड गांव. तेथें ग्रामसभेंत सर्वांच्या संमतीवांचून निर्णय होत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला; पण बांबूच्या वाहतुकीचें परवानापुस्तक ग्रामसभेच्या हातीं पडावयास २०११ साल उजाडलें! पेटी द्यावी आणि किल्ली आपल्या कनवटीस ठेवावी, ही सरकारी विद्या जुनीच आहे. या पुस्तकांतले गांवकरी कोणाच्या दयेवर बसलेले नाहींत; ते वाद घालतात, चुकतात, पुन्हां बसून ठरवितात. लिहिणारा येथेंही बाहेरचाच, पण तो ऐकून घेतो.

मग आदिवासींनीं स्वतः लिहिलेंच नाहीं काय? लिहिलें आहे. याच जिल्ह्यांत भद्रावतीस १९७९ सालीं आदिवासी साहित्य संमेलन भरलें होतें. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ हा काव्यसंग्रह १९८७ चा. तो घ्यावयास आम्ही दुकानांत गेलों, तर विक्रेत्यानें नांवही ऐकलें नव्हतें. ‘प्रकाशवाटा’ची थप्पी समोरच होती. त्यांत त्या पुस्तकाचा दोष नाहीं, गिऱ्हाइकांचा आहे. आम्हींच आजवर दुसरें कांहीं मागितलें नव्हतें! अखेर एका मास्तरांकडून संग्रह उसना आणिला.

परवां स्नेह्यास म्हटलें, तूं सांग, आम्ही लिहून घेतों. चार पानें झालीं. तीं त्यानें पुन्हां वाचावयास लाविलीं आणि त्यांतलीं दोन खोडावयास सांगितलीं. म्हणाला, “भाऊ, हें तुमचं बोलणं झालं, माझं नाहीं.”