आवाबाईंची वाट
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. "मुंबईला लेकीकडे राहून आलात, तिकडचे काही सांगा," असा आग्रह झाला म्हणून उभी राहिले. मी माहीमच्या कॉजवेविषयी, म्हणजे खाडीवरच्या पुलाविषयी सांगते.

पूर्वी मुंबई म्हणजे सात बेटे. भर घालून ती जोडली, तरी पलीकडचे साष्टी बेट वेगळेच राहिले. इकडे माहीम, तिकडे वांद्रे, मध्ये खाडी आणि दलदल. ये-जा होडीने. होड्या उलटत, माणसे बुडत. कंपनी सरकार पैसा देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई पुढे झाल्या. त्यांनी 1,57,000 रुपये दिले. त्या काळचे रुपये, बरे का! 1845 साली वाट पुरी झाली.

मला रकमेपेक्षा त्यांची अट मोलाची वाटते. येथे कोणाकडूनही पथकर घ्यायचा नाही, असे त्यांनी सरकारकडून कबूल करून घेतले. म्हणजे बग्गीवाला जाईल तशीच डोक्यावर पाटी घेतलेली कोळीणही जाईल. जवळच 2009 साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. फार देखणा, पण तेथे पथकर पडतो आणि पायी जाऊ देत नाहीत. जुन्या वाटेने मी लेकीबरोबर चालत गेले. गर्दी, धूर, खाडीचा वास. पण कोणी अडवले नाही.

माहीमच्या रस्त्याला नाव आहे 'लेडी जमशेटजी'. पैसा बाईचा, नाव यजमानांचे! लोक तर नुसते 'एल. जे. रोड' म्हणतात. असो.

भूमला समुद्र नाही, पण ओढ्याला पाणी आले की पलीकडची वस्ती बेटच होते. तिथल्या बायका दुधाच्या किटल्या घेऊन काठावर थांबतात. खव्याची भट्टी काही त्यांच्यासाठी थांबत नाही. दूध नासते, दिवसाची मिळकत जाते. गेल्या श्रावणात एका अवघडलेल्या पोरीला चौघांनी बाजेवर घालून पाण्यातून आणले. अर्ज देऊन झाले आहेत.

यंदाच्या शिलकेतून मंडळाला सतरंज्या आणि माइक घ्यायचे चालले आहे. माझी सूचना अशी, की त्यात घरटी थोडी भर घालून ओढ्यात सिमेंटच्या नळ्या टाकाव्या आणि वर फरशी करावी. वस्तीतले गवंडी अंगमेहनत करू म्हणतात. परवानगीसाठी आपण साऱ्याजणी मिळून जाऊ. यावर आजच मते घ्यावीत, अशी अध्यक्षीणबाईंना विनंती करून मी खाली बसते.