वाय-फाय अडतं कुठं?



गिरगावात, ठाकूरद्वार नाक्याच्या आसपासच्या वाड्यांमध्ये एके काळी मजल्यावर एखाद्याच घरी टेलिफोन असायचा. आज त्याच मजल्यावर घरोघरी वाय-फायचा डबा आहे. त्यातलं इंटरनेट बंद पडलं की माणसं गॅलरीत येतात आणि शेजाऱ्याला विचारतात, ‘‘तुमचं चालू आहे का हो?’’ हा प्रश्न साधा वाटतो, पण दुरुस्तीचं सगळं शास्त्र त्यात आहे. आपलं बंद आणि शेजाऱ्याचं चालू, एवढं कळलं तरी बिघाड कुठल्या बाजूला शोधायचा ते ठरतं. घरातला कॉम्प्युटर वाय-फायला जोडला जात नसेल तेव्हा हेच तत्त्व पायरीपायरीने कसं वापरायचं, ते आज सांगणार आहे.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. तेव्हा टेलिफोनची तार थेट कॉम्प्युटरच्या मोडेमला लागायची. आता रस्त्याचे दोन तुकडे झालेत. कंपनीकडून आपल्या डब्यापर्यंत तार येते आणि डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत हवेतून लहरी जातात. या दुसऱ्या, काही फुटांच्या तुकड्याचं नाव वाय-फाय. म्हणजे वाय-फाय उत्तम चालू आणि इंटरनेट मात्र बंद, असं होऊ शकतं. उलटही होऊ शकतं. आपण दोन्हींना मिळून ‘नेट गेलं’ म्हणतो आणि तिथंच गोंधळ सुरू होतो.

तेव्हा पहिली तपासणी मोबाइलवर. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करा, नाहीतर तो गुपचूप त्यावरून चालेल आणि तुमची फसगत होईल. मग त्याच वाय-फायवर एखादं पान उघडून पाहा. मोबाइलवरही उघडत नसेल तर दोष डब्यात किंवा बाहेर आहे. तो कॉम्प्युटरमध्ये शोधत बसू नका. मोबाइलवर उघडत असेल तर दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा मधल्या हवेत.

दोष बाहेरचा वाटला तर डब्यावरचे दिवे बघा. फायबरच्या जोडणीत बहुतेक डब्यांवर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लागला किंवा लुकलुकायला लागला, तर तारेतून येणारा प्रकाश तुमच्यापर्यंत पोचत नाही. ही तार काचेच्या बारीक तंतूची असते. कपाटामागे दाबली गेली, खिळ्याभोवती काटकोनात वळली, तरी त्यातला प्रकाश वाटेतच सांडतो. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. कंपनीलाच कळवायला हवं. लाल दिवा नसेल तर मात्र डबा बंद करावा, अर्धा मिनिट थांबावं, पुन्हा चालू करावा आणि तीन-चार मिनिटं त्याला हात लावू नये. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

आता मधली हवा. वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिला लांबवर आणि भिंतीपलीकडे बरा पोचतो. दुसरा वेगवान, पण लवकर दमतो. आपल्या देशात २००५ साली २.४ चा पट्टा परवान्याविना वापरायला मोकळा झाला, तेव्हापासून त्यात सगळ्यांचीच गर्दी आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्याच्या आसपास चालतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. एका मजल्यावर पंधरा-वीस डबे असले की सामायिक नळावर होते तशीच रेटारेटी होते. शिवाय चाळीतल्या जाड भिंती आणि लोखंडी कपाट! लोखंडाच्या पत्र्यापुढे लहरींचं काही चालत नाही. आरसा आणि पाण्याचं भरलेलं पिंप हेही त्यांचे वैरीच. म्हणून डबा पोटमाळ्यावर सामानामागे किंवा टीव्हीच्या पाठीमागे कोंबू नका. तो उंच आणि उघड्यावर ठेवा.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. नवा मोबाइल ५ चा पट्टा पकडतो, पण जुन्या कॉम्प्युटरला तो पट्टा दिसतच नाही. मग मोबाइलवर वाय-फायचं नाव येतं आणि कॉम्प्युटरच्या यादीत ते नसतंच. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. डब्यातला २.४ चा पट्टा चालू केला की झालं. टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला वाय-फायसाठी पाठीमागे छोटा डोंगल लावलेला असतो. तो लोखंडी खोक्याच्या सावलीत दबून जातो. त्याला हातभर वायर जोडून पुढे आणून बघा.

नाव दिसतं, जोडणीही होते, पण पान उघडत नाही, असं असेल तर? प्रत्येक यंत्राला डबा एक क्रमांक देतो, चाळीतल्या खोलीला नंबर असतो तसा. तो मिळाला नाही तर कॉम्प्युटर आपल्या मनानेच एक नंबर घेतो. नेटवर्कच्या माहितीत १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, की समजावं डब्याकडून नंबर आलेला नाही. अशा वेळी कॉम्प्युटरला ते वाय-फाय विसरायला लावून पासवर्ड नव्याने घालावा.

आमच्या वाडीतल्या भाडेकरू संघाचं काम एक निवृत्त काका बघतात. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. खोल्या, पागडीच्या पावत्या, वारसांची नावं, सगळं त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे. वकिलांना भाडेकरूंची यादी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती आणि एकही पान उघडेना. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, ‘‘जुना झालाय, नवा घ्या.’’ काका मला म्हणाले, ‘‘अरे, नवा घेईन, पण आजची यादी कशी पाठवू?’’ मोबाइलवर नेट चालू होतं. डब्यापासून कॉम्प्युटरला थेट वायर लावून पाहिली, तरी तेच. म्हणजे वाय-फायचा प्रश्नच नव्हता. मग कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. कॉम्प्युटर २०१२ सालात जाऊन बसला होता!

आतली नाण्याएवढी बॅटरी संपली, की बंद केलेल्या कॉम्प्युटरला वेळ आठवत नाही. आणि सुरक्षित संकेतस्थळांची ओळखपत्रं ठराविक मुदतीची असतात. २०१२ सालातल्या कॉम्प्युटरला ती मुदत अजून सुरूच झालेली दिसत नाही, म्हणून तो दार उघडत नाही. तारीख बरोबर केली, यादी वेळेत गेली. दुसऱ्या दिवशी काकांनी २०३२ क्रमांकाची नवी बॅटरी आणून बसवली. कॉम्प्युटर अजून चालू आहे आणि वाडीची कागदपत्रंही शाबूत आहेत.

दोन गोष्टी मात्र या गडबडीत करू नका. पहिली, कटकट नको म्हणून वाय-फायचा पासवर्ड काढून टाकू नका. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. पुढे माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायचाही तसाच गैरवापर झाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी उघड्या वाय-फायचा शोध घ्यायला सुरुवात केली. आपलं दार सताड उघडं राहिलं, तर पहिली चौकशी आपल्याच घरी येते.

दुसरी, मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथं भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. ते गोड बोलून कॉम्प्युटरचा पडदा दिसेल असं एखादं ॲप घ्यायला लावतात आणि बँकेतले पैसे काढून घेतात. नंबर घ्यावा तो बिलावरचा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं. जितका उशीर, तितके पैसे हातातून गेलेले.

थोडक्यात काय, जवळून सुरुवात करून लांब जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं चाललं ते कळत नाही. आणि आज घरात सगळं सुरळीत असतानाच एका कागदावर आपला ग्राहक क्रमांक आणि बिलावरचा तक्रारीचा नंबर ठळक अक्षरात लिहून तो डब्याजवळ चिकटवून ठेवा. पासवर्ड मात्र भिंतीवर नको, तो घरातल्या डायरीत. नेट गेल्यावर घरात एकट्या असलेल्या आजीलाही तो कागद वाचता येईल, आणि तिला कुणा अनोळखी माणसाच्या आवाजावर विसंबून राहावं लागणार नाही.