गरम पाण्याचा माठ

घरच्या पोहण्याच्या तलावासाठी विजेवरचा हीट पंप कसा निवडावा, असा विषय मला दिलेला आहे आणि वेळ आहे दहा मिनिटं. त्यातली निदान सहा मी कव्हरवर घालवणार आहे. आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको. आणि ज्यांच्या दारात तलाव नाही त्यांनी लगेच रेडिओ बंद करू नये. सोसायटीत तलाव असेल तर त्याच्या विजेचं बिल तुमच्याच मेंटेनन्समधून जातं.

हीट पंप काय करतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. घरातला एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात टाकतो. एक युनिट वीज घेतली की चार-पाच युनिट उष्णता पाण्यात येते. या पटीला सीओपी म्हणतात. कल्पना जुनीच आहे. 1852 साली विल्यम थॉमसन यांनी ती मांडली, पुढे ते लॉर्ड केल्विन झाले. यंत्र चांगलं आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. गुडघेदुखीमुळे डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम सांगितलेल्या आजींना डिसेंबरात पहाटेच्या पाण्यात उतरवणं म्हणजे छळच, तिथे हीट पंप हवाच.

पण लोणावळ्याला, पाचगणीला, नाशिकच्या फार्महाऊसवर, कुठेही जा, पहिला प्रश्न ठरलेला. "काका, किती किलोवॉटचं मशीन घेऊ?" मी विचारतो, "रात्री तलाव झाकता का?" त्यावर मालक मालकिणीकडे बघतात, मालकीण आर्किटेक्टकडे बघते आणि आर्किटेक्ट म्हणतो, "सर, कव्हरनं लुक जातो."

आता हा लुक किती रुपयांना पडतो ते पाहू.

तुमच्या स्वयंपाकघरात माठ आहे. त्यातलं पाणी गार का होतं हे शाळेतल्या पोराला विचारा. माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. तलाव म्हणजे जमिनीत पुरलेला एक भला थोरला माठच. फरक एवढाच, की याला पाझरायचीही गरज नाही, वरून सगळा उघडाच आहे. आणि या माठात आपण पाणी गरम करायला निघालोय! बाहेरच्या उघड्या तलावातून जेवढी उष्णता जाते, तिच्यातली साधारण 70 टक्के या एका वाटेनं, वाफेबरोबर जाते. रात्री निरभ्र आकाशाकडे काही जाते, बाजूच्या मातीत अगदी थोडी. लोक मला भिंतींना थर्माकोल लावू का म्हणून विचारतात. अहो, भिंतींचं काय घेऊन बसलात, वरचं तोंड उघडं आहे ते बघा.

हिशेब करू. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी 1.4 मीटर खोल, असा तलाव धरा. पाणी झालं सुमारे 45,000 लिटर. ते 1 अंशानं तापवायला 52 युनिट उष्णता लागते. आता या तलावाची पातळी वाफेमुळे नुसती 1 मिलीमीटर उतरली, तर 32 लिटर पाणी गेलं. एका लिटरमागे उष्णता जाते 0.67 युनिट. थंडीत कोरडा वारा सुटला आणि पाणी 28 अंशांवर ठेवलं, तर दिवसाला 5 मिलीमीटर पाणी सहज जातं असं समजा. म्हणजे 160 लिटर पाणी आणि साधारण 107 युनिट उष्णता. तुमचं मशीन धापा टाकत तलाव 2 अंशांनी तापवणार आणि हा माठ ते 2 अंश रोज परत घेणार. सीओपी 5 धरला तरी ही नुसती भरपाई करायला रोज 21 युनिट वीज, महिन्याला 640 च्या आसपास. घरचा वापर वेगळा. महावितरणच्या बिलात 500 युनिटांच्या पुढचा स्लॅब काय दरानं लागतो, ते घरी गेल्यावर बिलाच्या मागे वाचा.

चांगलं कव्हर नेमानं घातलं तर हा खर्च निम्म्यावर येतो, बरेचदा निम्म्याच्याही खाली. हीट पंपाच्या किमतीपुढे कव्हरची किंमत किरकोळ आहे. मग आधी काय घ्यायचं, तुम्हीच सांगा. शिवाय कव्हर असेल तर लहान मशीन पुरतं. कव्हरचं ठरायच्या आधी मशीनचं माप काढणं म्हणजे अंगठीच्या मापावरून चपला घेण्यासारखंच. म्हणून पुन्हा सांगतो, आधी कव्हर, मग किलोवॉट.

माठ कुठे जास्त गार होतो? खिडकीतल्या वाऱ्याला ठेवला की. तलावाचंही तेच. टेकडीच्या कडेला, चहूबाजूंनी मोकळा, असा तलाव दिसतो सुरेख, पण तिथे वारा अष्टौप्रहर. एका बाजूला मेंदीचं कुंपण किंवा भिंत घातलीत तरी फरक पडतो. आणि ती ओसंडून वाहणारी कड, जिला इन्फिनिटी म्हणतात! पाण्याचा पातळ पडदा रात्रभर कडेवरून खाली पडतोय, म्हणजे माठाला बाहेरून ओलं फडकं गुंडाळून वर पंखा लावला. पाहुणे झोपले की ती मोटर बंद करा. कारंजं, धबधबा, सगळं बंद करा. कोण बघतंय रात्री दोन वाजता?

आता माहितीपत्रकाकडे येऊ. वर ठळक अक्षरात सीओपी 6, कुठे 7, कुठे त्याहून मोठा आकडा. खाली बारीक अक्षरात बघा, चष्मा लावून बघा. तिथे लिहिलेलं असतं, हवा 26 किंवा 27 अंश आणि आर्द्रता 80 टक्के. ही हवा कुठली हो? जूनमधल्या अलिबागची. पावसाळी दमट हवेत या मशीनची चैन असते, कारण हवेतली वाफ त्याच्या थंड नळ्यांवर जमते आणि जमताना तिची उष्णताही मशीनला मिळते. आणि दमट हवेत माठही फारसा गार होत नाही, हे कोकणातल्या कुणालाही माहीत आहे. म्हणजे अलिबागवाल्यांना दोन्हीकडून फायदा. देशावर जानेवारीत नेमकं उलट. हवा कोरडी आणि गार, म्हणून माठ जोरात आणि मशीन हळू. तेव्हा विक्रेत्याला 15 अंशांच्या हवेचा सीओपी विचारा. बहुतेक बऱ्या कंपन्यांच्या तक्त्यात ती दुसरी ओळ असते. ओळच नसेल तर उठून या.

याच कारणानं मशीन पहाटे चालवू नका. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा 11-12 वर असतो आणि दुपारी 29-30 वर. उष्णता हवेतून घ्यायची तर हवा उबदार असताना घ्या ना! अकरा ते चार मशीन चालवायचं आणि ऊन उतरलं की कव्हर ओढायचं. मग रात्रभर तापमान फार उतरत नाही आणि सकाळी आजी खुशाल उतरतात. कव्हर नसेल तर मात्र दुपारची कमाई पहाटेपर्यंत उडून जाते आणि मग टायमर पहाटे चारचा लावावा लागतो. अशा वेळी लोक मशीनला नावं ठेवतात.

कव्हर कुठलं? बुडबुड्यांचं प्लॅस्टिक असतं ते, बबल कव्हर, उन्हानं लवकर न तडकणारं. बुडबुडे खाली, पाण्याकडे. आणि रोलर घ्या. रोलर नसला की दोन माणसं लागतात. पहिल्या आठवड्यात माणसं येतात, दुसऱ्या आठवड्यात कव्हर गॅरेजमागे घडी होऊन पडतं आणि मांजर त्यावर विते. क्लोरीन टाकल्या टाकल्या झाकू नका, प्लॅस्टिक खराब होतं. झाकलेल्या तलावात क्लोरीन उन्हानं कमी उडतं, तेव्हा मात्राही कमी करावी लागते. आणि एक गंभीर गोष्ट. हे कव्हर मुलांना अडवणारं नव्हे. त्यावर पाय पडला की मूल आत जातं आणि वरून प्लॅस्टिक मिटतं. पाण्यात उतरताना कव्हर पूर्ण काढायचं, अर्धवट गुंडाळून पोहायचं नाही. मुलांसाठी कुंपण आणि कुलूप वेगळंच हवं.

काही जण म्हणतात, आमची पातळी रोज इंचभर उतरते. ती वाफ नव्हे, कुठेतरी गळतंय. खात्री करून घ्या. तलावातल्या पाण्यानं बादली भरा, पायरीवर पाण्यात उभी करा, आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर चिकटपट्टी लावा. पंप बंद ठेवा आणि दिवसभर कुणी पोहू नका. दुसऱ्या दिवशी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील तर ती वाफ. बाहेरची जास्त उतरली असेल तर आधी गवंडी बोलवा, हीट पंप मागाहून. गरम केलेलं पाणी मातीला पाजण्यात काय अर्थ आहे?

मे महिन्यात काय, असंही विचारतात, कारण काही मॉडेलं पाणी गारही करतात. त्याला जादा पैसे कशाला मोजता? मे महिन्यात कव्हर रात्री काढून ठेवा. माठ फुकट काम करेल.

वेळ संपत आली, राहिलेलं भराभर सांगतो. मशीनवरचे 20 किलोवॉट हे पाण्यात जाणाऱ्या उष्णतेचे असतात. वीज लागते त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी. तरी बिलावरचा मंजूर भार बघा आणि सिंगल फेज की थ्री फेज ते वायरमनला विचारा. आतली पाण्याची नळी टायटॅनियमची हवी, क्लोरीन तांब्याला खातं. इन्व्हर्टर असेल तर बरं, आवाज कमी होतो आणि शेजाऱ्यांशी संबंध टिकतात. मशीन बंद खोलीत किंवा जिन्याखाली कोंबू नका. स्वतःच सोडलेली गार हवा ते पुन्हा ओढतं आणि सीओपी बसतो. खाली पाणी ठिबकलं तर घाबरू नका, ती बहुधा हवेतली वाफ जमलेली असते. नुसता तलावाचा पंप चालू ठेवून मशीन बंद करा, ठिबकणं थांबलं तर काळजी नाही.

पाणी किती अंशांवर ठेवायचं? पोहण्याच्या स्पर्धा 25 ते 28 अंशांच्या पाण्यात होतात. घरी 28 पुरे, आजींसाठी 30. त्यापुढचा एकेक अंश खिशाला चाट आहे, कारण पाणी जितकं गरम तितकी वाफ जास्त. म्हणजे पुन्हा कव्हर.

छतावर सौर पॅनेल असतील तर दुपारी मशीन चालवण्याचं गणित आणखी सोपं होतं, पण त्यात नेट मीटरिंग येतं आणि तो विषय आज उघडला तर पुढचा कार्यक्रम अडेल. कव्हरचं माप घेताना मात्र पायऱ्यांचा कोपरा सोडू नका. कारागीर तो चौकोनात बसत नाही म्हणून हटकून सोडतात आणि माठाला तेवढंही तोंड पुरतं.