पेशीचा कारभार आणि इन्फ्लुएंझाचा विषाणू



१९१८ साली आलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. एवढा अनर्थ घडविणाऱ्या विषाणूची आनुवंशिक सामग्री म्हणजे आर.एन.ए.चे अवघे ८ तुकडे. प्रथिने तयार करण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. ते त्याला आपल्या पेशीकडूनच घ्यावे लागते. पेशीच्या प्रथिनव्यवहाराशी असलेले त्याचे हे नाते हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ही साखळी नुसती जुळून भागत नाही. तिची ठरावीक घडी बसली तरच ती कार्यक्षम होते. घडी बिघडलेली प्रथिने एकमेकांस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. म्हणून घडी नीट बसविण्यास साहाय्य करणारी प्रथिने पेशीत असतात; त्यांना ‘शॅपरोन’ म्हणतात. न सुधारणाऱ्या प्रथिनांवर ‘युबिक्विटिन’ या छोट्या प्रथिनाची खूण पडते आणि त्यांची विल्हेवाट लागते. निर्मिती, घडण आणि विल्हेवाट यांचा मेळ म्हणजे पेशीतील प्रथिनांचा समतोल होय.

विषाणू या तिन्ही ठिकाणी हात घालतो. २०१४ साली असे दिसून आले की, तो आपल्याबरोबर युबिक्विटिनच्या साखळ्या घेऊन येतो. टाकाऊ प्रथिनांचे गठ्ठे ओढून नेणारी पेशीची यंत्रणा त्यामुळे फसते, आणि तिच्याच ओढीने विषाणूचे कवच फुटते. पुढे पेशीला परकीय आर.एन.ए.ची चाहूल लागली की ती प्रथिननिर्मिती थांबवू पाहते, विषाणूचे ‘एन.एस.१’ हे प्रथिन तो प्रयत्न हाणून पाडते. आर.एन.ए.च्या प्रती काढणारी विषाणूची प्रथिने जुळून येण्यासाठी तर ‘एचएसपी९०’ हा पेशीचा शॅपरोनच साहाय्य करतो.

या साहाय्याचा एक दूरगामी परिणाम आहे. ‘एमएक्सए’ हे आपले संरक्षक प्रथिन विषाणूच्या न्यूक्लिओप्रोटीनला अडविते. त्याला चुकविणारा एक बदल १९१८च्या विषाणूतही होता. परंतु त्या बदलाने न्यूक्लिओप्रोटीनची घडी कमकुवत होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की, तापाच्या ३९ अंश सेल्सिअस उष्णतेत शॅपरोनांचा आधार कमी पडला तर असा विषाणू मागे पडतो, आणि आधार मिळाला तर तरून जातो. म्हणजे विषाणूला कोणते बदल परवडतील, हे काही अंशी आपलीच पेशी ठरविते.

औषधांच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. विषाणूच्या प्रथिनावर नेम धरणारे अमँटाडीन हे औषध, विषाणू बदलल्यामुळे, आज जवळजवळ निरुपयोगी झाले आहे. शॅपरोन हे पेशीचे असल्याने विषाणू त्यांच्यात बदल घडवू शकत नाही. त्यांचा आधार काढून घेतला तर त्याला निसटणे कठीण जाईल. मात्र त्याच आधारावर आपल्या निरोगी पेशीही जगतात. विषाणूची कोंडी व्हावी, पण पेशीला इजा पोहोचू नये, असे प्रमाण साधणे हे या संशोधनापुढील खरे अवघड काम आहे.